विहिरीच्या भिंतीतले थर: साचलेले कोणते आणि कुजलेले कोणते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गोव्यातल्या डिचोली तालुक्यात, सड्याच्या (जांभ्या दगडाच्या सपाट माथ्याच्या पठाराच्या) उतारावर, घरामागे 3 मीटर व्यासाची विहीर खणता खणता तुम्ही 11 मीटरवर आला आहात. वर अर्धा मीटर तांबडी माती, त्याखाली साडेचार मीटर चिरा (म्हणजे जांभा दगड), मग अडीच मीटर पिवळ्या-तांबड्या डागांची ठिसूळ माती, आणि साडेसात मीटरपासून तळापर्यंत पांढरट-गुलाबी, साबणासारखी गुळगुळीत माती. तळाकडे या मातीत तिरप्या पट्ट्या दिसतात आणि एक कडक पांढरी गारेची (क्वार्ट्झची) शीर तिच्यातून वर चढलेली आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे, ही समुद्राची माती. तुम्ही विचारता की हे थर कुठल्या काळी साचले, इथे खरेच समुद्र होता का, आणि आणखी खणावे का.

प्रश्न तीन असले तरी गुंता एका शब्दाचा आहे, तो म्हणजे थर. नदीने किंवा समुद्राने एकावर एक आणून टाकले तोही थर, आणि एकाच खडकाचा वरचा भाग जास्त कुजला, खालचा कमी, म्हणून जो रंगाचा फरक दिसतो त्यालाही आपण थरच म्हणतो. साचलेल्या थरांत खालचा आधीचा आणि वरचा नंतरचा. कुजलेल्या थरांत हिशेब उलटा असतो. कुजणे वरून सुरू झाले आणि खाली सरकत गेले, त्यामुळे वरच्या चिऱ्यात सर्वांत जास्त काळ बदल होत आला आहे आणि तळाच्या मातीत सर्वांत कमी. तुमच्या विहिरीच्या एकाच भिंतीत हे दोन्ही प्रकार दिसतात. रंगांच्या आडव्या सीमा कुजण्याच्या आहेत, तळाच्या तिरप्या पट्ट्या साचण्याच्या. खडक मात्र वरपासून खालपर्यंत एकच आहे.

हे इतक्या खात्रीने सांगता येते ते त्या गारेच्या शिरेमुळे. तुमच्या वर्णनातली सर्वांत मोलाची गोष्ट तीच. गारेची शीर मातीत तयार होत नाही. जमिनीच्या पोटात खोलवर, टणक खडकाला पडलेल्या भेगांतून गरम पाणी फिरते आणि त्यातली सिलिका भेगेत गोठते, तेव्हा ती बनते. पुढे आजूबाजूचा खडक कुजून त्याची माती झाली, पण गार कुजायला फार चिवट, म्हणून ती जागच्या जागी उभी राहिली. समुद्राने गाळ आणून टाकला असता तर त्यात गारेचे सुटे, गोल खडे सापडले असते, सलग शीर नव्हे. आता ती शीर वर वर शोधत जा. डागांच्या मातीत ती तुकड्या-तुकड्यांत तुटलेली पण ओळीत दिसेल, चिऱ्यात तिचे कोनदार तुकडे थोडे विखुरलेले असतील. ही ओळ जिथपर्यंत लागते तिथपर्यंतची भिंत जागेवरच कुजलेल्या खडकाची आहे, याबद्दल शंका ठेवू नये.

दुसरा पुरावा हातात घेऊन पाहता येतो. तळाच्या पांढऱ्या मातीचा मुठीएवढा गोळा काढून दोन-तीन दिवस उन्हात वाळवा आणि तेवढाच ताज्या खडकाचा तुकडा दुसऱ्या हातात धरा. ताजा खडक पाण्याच्या साधारण 2.7 पट जड असतो. वाळलेली माती दीडपटीच्या आसपास भरते. म्हणजे आकारमान न बदलता निम्म्याच्या जवळपास वस्तुमान निघून गेले. आतल्या पट्ट्या, भेगा, शिरा सगळे तसेच राहिले, फक्त माल पाण्याबरोबर गेला. अशा खडकाला भूवैज्ञानिक सॅप्रोलाइट म्हणतात, आणि तो पुरता चिकणमातीसारखा झाला की लिथोमार्ज.

माल गेला कसा, ते समजले की रंगांचे कोडे आपोआप सुटते. गोव्याच्या किनारी भागात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, घाटाकडे त्याहून बराच जास्त. पाणी मातीतून उतरताना मुळांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड घेते आणि किंचित आम्ल होते. या पाण्यात खडकातले सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आधी विरघळतात, मागोमाग सिलिकाही बरीचशी जाते. हे सगळे झऱ्यांतून ओहोळाला, ओहोळातून मांडवीला मिळते. मागे राहतात ते न विरघळणारे दोघे, लोखंड आणि ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियम उरलेल्या सिलिकाशी जोडी करून पांढरी केओलिन माती बनवते. लोखंडाचे वागणे वेगळे. हवा न पोचणाऱ्या, पाण्याने भरलेल्या मातीत ते विरघळून हलू शकते, आणि हवा मिळाली की गंजून तिथेच बसते.

आता आपल्याकडचे भूजल पाहा. मे अखेरीस ते तळाला गेलेले असते आणि श्रावणापर्यंत कित्येक मीटर वर आलेले असते. या वर-खाली होण्याच्या पट्ट्यात लोखंड दरवर्षी थोडे विरघळते, थोडे सरकते, पुन्हा गंजते. आधी डाग पडतात, तुमचा अडीच मीटरचा मधला पट्टा म्हणजे तेच. डाग वाढत जाऊन एकमेकांना भिडले, मधली मऊ माती पाण्याने धुऊन गेली, की जाळीदार चिरा तयार होतो. चिऱ्यातल्या वाकड्यातिकड्या नळ्या आणि पोकळ्या या धुऊन गेलेल्या मातीच्या जागा आहेत. सर्वांत खालचा भाग वर्षाचा बराच काळ पाण्याखाली राहतो. तिथले लोखंड निघून गेले, म्हणून माती पांढरी. जिथे थोडे उरले तिथे गुलाबी.

चिरा जमिनीत असताना लोखंडी पात्याने कापता येतो आणि बाहेर काढून ठेवला की टणक होतो, हे चिरेखाणीवर काम करणाऱ्या कुणालाही माहीत असते. त्यामागचे कारण हेच: उघड्यावर ओला-सुका होत गेला की लोखंडाची संयुगे पाणी सोडून घट्ट स्फटिकांत बांधली जातात. 1800-01 च्या दक्षिणेतल्या प्रवासात फ्रान्सिस बुकॅनन यांनी केरळात अंगाडिपुरम भागात हा दगड विटांसारखा कापताना पाहिला आणि लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला लॅटेराइट नाव दिले. ते 1807 मध्ये छापून आले.

समुद्राबद्दल तुमच्या घरच्यांचे म्हणणे मी पूर्ण खोडणार नाही. समुद्र होता, पण 250 कोटी वर्षांहून आधी. तळातल्या तिरप्या पट्ट्या त्या काळच्या आहेत. डिचोली भागातला खडक मुख्यतः फिलाइट, म्हणजे समुद्रतळावर बसलेला बारीक चिखल, जो पुढे दाबाने आणि उष्णतेने पत्र्यासारखा सुटणारा खडक झाला. त्याच्या जोडीला लोखंड आणि सिलिकाच्या आलटून-पालटून पट्ट्यांचा खडक आहे. हवेत ऑक्सिजन नगण्य असताना समुद्राच्या पाण्यात विरघळलेले लोखंड तळाशी बसून तो बनला, आणि त्यातली सिलिका पुढे पावसाने धुऊन नेली तेव्हा आपल्या खाणींतले लोहखनिज तयार झाले. या जुन्या खडकांना गोवा समूह म्हणतात. खालून वर बार्से, सावर्डे, डिचोली, वाघेरी अशी त्याची चार गटांत विभागणी करतात. दोना पावलाच्या खडपावर दिसणारा राखाडी कडक दगड सावर्डे गटातला. हे सगळे थर मुळात आडवे होते. भूकवचाच्या दाबाने त्यांना घड्या पडल्या, म्हणून तुमच्या पट्ट्या तिरप्या आहेत. घड्यांची सर्वसाधारण दिशा वायव्य-आग्नेय अशी आहे.

खरोखर समुद्राने अलीकडे आणलेले थर बघायचे असतील तर खाजन शेतात, म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या खाडीकाठच्या सखल शेतात जावे. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण 120 मीटर खाली होती. मांडवी आणि झुआरीने तेव्हा आपली पात्रे खोल कापली. पुढे बर्फ वितळून समुद्र चढला आणि या दऱ्यांत शिरला. म्हणूनच मांडवीत भरतीचा प्रभाव आजही सुमारे 50 किलोमीटर आत, गांजेपर्यंत पोचतो. या बुडालेल्या दऱ्यांत काळा, वासाचा गाळ साचला. मांडवीतल्या चोडण किंवा दिवाडी बेटावर खाजनात चर खणला तर शिंपले, खारफुटीच्या कुजक्या लाकडाचे तुकडे, मधूनच रेतीचा पातळ पदर असे सापडते. तिथे खालचा थर आधीचा, हा नियम सरळ लागू पडतो. तुमच्या पांढऱ्या मातीत शिंपला नाही, लाकूड नाही, काळा रंग नाही.

तुमचे घर ज्या उतारावर आहे तो सडा तरी कसा उभा राहिला? चिऱ्याचे टोपण टणक, त्याखालची माती मऊ. ओहोळ टोपणाच्या कडेला मऊ माती पोखरतात, आधार गेला की चिऱ्याचे मोठे ठोकळे कडेने सुटून खाली येतात, कडा मागे सरकतो. सडा वरून फारसा झिजत नाही, कडेने आखडत जातो. काही ठिकाणी याहून नवलाची गोष्ट घडते. लोखंड घेऊन येणारे पाणी सखल भागाकडे जमते, तिथला चिरा सर्वांत टणक होतो, आणि कोट्यवधी वर्षांत आजूबाजूचे मऊ उंचवटे झिजून गेले की एकेकाळचा सखल भाग पठार म्हणून वर राहतो. पावसाचे पाणी चिऱ्याच्या जाळीतून उतरते, पांढऱ्या मातीवर अडते आणि उताराला जिथे ही सीमा उघडी पडते तिथे झर म्हणून बाहेर येते. आपली कुळागरे (नारळ-सुपारीच्या बागा) नेमकी त्या पातळीखाली का वसलेली आहेत, याचे उत्तर इथे आहे.

आता विहिरीकडे. यातले बरेच परिस्थितीवर अवलंबून आहे: तुम्ही सड्याच्या कडेपासून किती लांब आहात, खालचा ओहोळ तुमच्या तळापेक्षा किती खोल वाहतो, आणि जवळपास खाणीचा खोल खड्डा आहे का. डिचोलीत काही खड्डे भूजलाच्या पातळीच्या बरेच खाली गेलेले आहेत. तिथून पाण्याचा उपसा होत असेल तर आसपासच्या विहिरींचा हिशेबच बदलतो. शिवाय नवीन विहिरीला गोव्यात 2002 च्या भूजल नियमन कायद्याखाली परवानगी लागते. ती घेतली नसेल तर खोली वाढवण्याआधी ते काम करा.

आधी भिंत नीट वाचून घ्या. खाली उतरण्याआधी हवा खेळती करा, कमरेला दोर आणि वर दोन माणसे असू द्या. चिकणमाती लागलेल्या, कडे (आतली गोल बांधणी) न बांधलेल्या विहिरीत पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस कुणीही उतरू नये. भिंतीचा एक हातभर रुंद उभा पट्टा पाण्याने धुऊन घ्या. वरून टेप सोडून दर अर्ध्या मीटरला खूण करा आणि प्रत्येक खुणेवरचा नमुना वेगळ्या पिशवीत, खोली लिहून ठेवा. नमुना बोटांत चोळा: रवाळ लागला तर गारेचे कण, नुसता गुळगुळीत लागला तर केओलिन, अंगठ्याला चमचम राहिली तर अभ्रक अजून पूर्ण कुजलेले नाही, म्हणजे खडक जवळ आला आहे. वाळलेला सुपारीएवढा गोळा पाण्याच्या ग्लासात टाका. चिऱ्याचा तुकडा तसाच राहील. पांढरी माती काही मिनिटांत भुसभुशीत होऊन तळाला बसली तर भिंत बांधल्याशिवाय पुढे जायचे नाही, हे पक्के समजा. तिरप्या पट्ट्यांची दिशा होकायंत्राने आणि कल कोनमापकाने मोजून लिहून ठेवा. कुजलेल्या फिलाइटात पाणी पट्ट्यांना धरून लवकर सरकते, पट्ट्यांना छेदून फार हळू. त्यामुळे पट्ट्यांच्या रेषेत असलेल्या शेजाऱ्याच्या विहिरीशी तुमचे पाणी जोडलेले असण्याची शक्यता जास्त, आणि दुसऱ्या बाजूची विहीर जवळ असूनही वेगळी वागू शकते.

खणावे का, याचे उत्तर घाईने 'हो' देऊ नये. पांढऱ्या मातीत पाणी भरपूर साठलेले असते, पण छिद्रे इतकी बारीक की ते सुटत नाही. तुम्हाला आज जे पाणी झिरपताना दिसते ते बहुतेक डागांच्या मातीच्या तळाशी, साडेसात मीटरच्या आसपास येत असेल. ते त्या पांढऱ्या मातीवर टेकलेले पाणी आहे. माती फोडून खालच्या भेगाळ, अर्धवट कुजलेल्या खडकात गेलात तर दोन गोष्टी होऊ शकतात. खालचे पाणी दाबाखाली असेल तर ते वर चढेल आणि विहीर मे महिन्यातही टिकेल. खालची पातळी उतरलेली असेल तर वरचे टेकलेले पाणीच त्या भोकातून खाली निघून जाईल आणि असलेली विहीर कोरडी पडेल. सड्याच्या कडेजवळ आणि उपसा चालू असलेल्या खड्ड्याजवळ ही दुसरी शक्यता मोठी असते.

म्हणून आधी छोटे भोक. तळाच्या मध्यभागी हाताच्या ऑगरने (हाताने फिरवायच्या माती पोखरणाऱ्या गिरमिटाने) 3 ते 4 इंच व्यासाचे, दोन-तीन मीटर खोल छिद्र घ्या. त्यात पाइप बसवा, पाइपाच्या भोवती तळाची पांढरीच माती मळून घट्ट ठासा, म्हणजे वरचे पाणी बाजूने आत जाणार नाही. पाइपाच्या आतली आणि बाहेरची पातळी 48 तास, दर सहा तासांनी लिहा. आतली पातळी बाहेरच्यापेक्षा वर राहिली तर खोल जाण्यात अर्थ आहे. खाली राहिली तर छिद्र मळलेल्या मातीचे गोळे टाकून, एकेक गोळा ठोकून बंद करा आणि विहीर आहे तिथेच थांबवा. ऑगर दोन-तीन मीटरांत खडकाला लागलाच नाही, तर पांढऱ्या मातीची जाडी अजून बरीच आहे. अशा वेळी हाताने खणत राहण्यापेक्षा वेगळ्या जागी बोअरचा विचार करणे सुरक्षित.

विहिरीची मूळ ताकदही आकड्यांत पाहून घ्या. 3 मीटर व्यासाच्या विहिरीत 1 मीटर पाणी म्हणजे सुमारे 7000 लिटर. पंपाने पातळी 1 मीटर उतरवा, पंप बंद करा, आणि 10, 30, 60 मिनिटांनी किती सेंटिमीटर भरले ते मोजा. तासात 20 सेंटिमीटर भरले तर ताशी साधारण 1400 लिटर आवक झाली. हे मोजमाप मेच्या शेवटच्या आठवड्यात, पहिल्या पावसाच्या आधी करायचे. ऑक्टोबरात केलेल्या मोजणीवर नारळ-सुपारीचे नियोजन केले तर एप्रिलात फसगत ठरलेली.

राहिला बांधकामाचा भाग, आणि बहुतेक विहिरी इथेच बिघडतात. चिऱ्याचा भाग स्वतःच्या पायावर उभा राहतो, त्याला कडे लागत नाही. डागांच्या मातीपासून तळापर्यंत मात्र बांधलेच पाहिजे. कोरड्या चिऱ्याचे कडे किंवा सिमेंटच्या रिंगा, काहीही चालेल, पण मागे 15 ते 20 सेंटिमीटर जागा सोडून तिथे मातीच्या बाजूला जाड रेती आणि कड्याच्या बाजूला बारीक खडी भरा. पाणी येण्याची भोके साडेसात मीटरच्या सीमेवर ठेवा, पांढऱ्या मातीसमोर ठेवू नका. नुसती मोठी खडी भरली तर बारीक माती तिच्यातून वाहून विहिरीत येते, कड्यामागे पोकळी तयार होते, आणि एखाद्या जुलैत वरची जमीन कड्यासकट खाली बसते. उपसताना पाणी सतत दुधाळ येऊ लागले तर ते याचे लक्षण आहे. तेव्हा लगेच मोठा पंप थांबवा, लहान पंपाने सावकाश उपसा करा आणि कड्यामागे रेती खाली गेली आहे का ते पाहून पुन्हा भरा.

आणखी एक. घरामागची टेकडी उभी कापून घेण्याचा विचार असेल तर हीच भिंत डोळ्यांसमोर ठेवा. कापणी चिऱ्यातच संपत असेल तर कडा बराच काळ उभा राहतो. साडेसात मीटरखालची पांढरी माती उघडी पडली तर ती पहिल्याच पावसाळ्यात भिजून पायथ्याकडून सुटते आणि वरचा चिरा आधाराविना लटकतो. तिरप्या पट्ट्यांचा कल घराच्या बाजूला असेल तर धोका आणखी वाढतो, कारण पट्ट्यांच्या फटींवरूनच माती घसरते. कल टेकडीच्या आत असेल तर थोडा कमी. विहिरीत मोजलेली पट्ट्यांची दिशा आणि कल इथेही उपयोगी पडेल, म्हणून ते आकडे आणि शिरेचा धुतलेल्या भिंतीवरचा फोटो, सोबत मोजपट्टी ठेवून, इथे टाका. त्यावरून ऑगरचे छिद्र मध्यभागी घ्यायचे की शिरेला लागून, तेही सांगता येईल. गारेच्या शिरेच्या दोन्ही कडांना भेगा असतात आणि खालचे पाणी कित्येकदा तिथूनच वर येते.